अकरा ते पाच घरात: सुट्टीच्या महिन्याचे प्रश्न

आजोळी जाणाऱ्यांनी आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांनी विचारलेले हे काही प्रश्न. पत्रं थोडी आखडून घेतली आहेत.

पुण्या-ठाण्याची चार नातवंडं, सात ते चौदा वयाची, महिनाभर येणार आहेत. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवसापासून सगळी मोबाइलला चिकटली. बाहेर सोडावं तर ऊन. दिवस कसा लावू? (एक आजी, जळगाव)

आजी, शहरातलं मूल सुट्टीत नऊला उठतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ ते ४५ अंशांवर असतो, म्हणजे नऊला उठलेल्या मुलाच्या वाट्याला बाहेरचा वेळच उरत नाही. मग मोबाइलशिवाय ते करणार काय? साडेपाचला उठवा. पहिल्याच दिवशी ते जमणार नाही. रोज अर्धा तास अलीकडे आणा, आठवड्यात अंग वळतं. सहा ते नऊ शेत, मळा, सायकल, पोहणं, बाजार. अकरा ते पाच कुणीही उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू. सहानंतर पुन्हा बाहेर.

दुपारच्या सहा तासांचे तुकडे पाडा. जेवण आणि झोप बारा ते दोन. उठल्यावर दीड तास वाचन. मग पत्ते, सोंगट्या, चित्रं, शेवया-पापडांना हात लावणं. मोबाइल पूर्ण बंद केला की तो चोरून चालतो, त्यापेक्षा चार ते पाच हा तास त्याला देऊन टाका. ठरलेल्या वेळी मिळणार हे कळलं की मागणी आपोआप कमी होते.

कूलरबद्दल एक गोष्ट बहुतेक घरांत चुकते. खोली गच्च बंद करून कूलर लावला की तासाभरात हवा दमट होते आणि घाम वाळत नाही. कूलर बाहेरची कोरडी हवा आत घेईल असा खिडकीत बसवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. मेअखेरीस ढग यायला लागले की तसाही तो गार करत नाही. बिघडलेला नसतो, हवेतच ओल आलेली असते.

गच्चीवर झोपवणार असाल तर पाणी रात्री नऊला मारून उपयोग नाही. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. सहाला एकदा भरपूर मारा, ते वाळू द्या, आठला पुन्हा मारा, मग गाद्या टाका. आणि उन्हातून आलेलं पोर मलूल दिसलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ (चमचे चहाचे) घालून घोट घोट पाजा. मीठ अंदाजाने वाढवू नका. ताप, बरळणं, अंग कोरडं पडणं यातलं काही दिसलं तर पन्हं करत बसू नका, दवाखाना गाठा.

मुलगा पाचवीत, मुलगी आठवीत, दोघंही इंग्रजी माध्यमात. मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. सुट्टीत आपल्या खान्देशातलं काही वाचावं असं वाटतं. सुरुवात कुठून करू? (धरणगावची माहेरवाशीण, सध्या नाशिक)

ताई, तुमच्या माहेरापासूनच. बालकवी ठोमरे यांचा जन्म धरणगावचा, १८९० सालचा. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात या कोवळ्या मुलाची कविता ऐकून डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला, वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. जळगावहून भुसावळला जाताना भादली लागतं. गाडीत बसल्या बसल्या मुलांना दाखवा आणि तिथेच एखादी कविता वाचा. कविता छोटी, शब्द ओळखीचे, चाल लागते. अडखळणाऱ्या वाचकाला गद्याच्या पानापेक्षा हे सोपं जातं.

अडखळण्याचं कारण बहुतेक वेळा जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ असतं, शब्दांचा अर्थ नसतो. म्हणून पहिला आठवडा मोठ्याने वाचन, रोज पंधरा मिनिटं, एक परिच्छेद तुम्ही, एक मुलानं. मध्ये चूक दुरुस्त करू नका. परिच्छेद संपला की तो शब्द तुमच्या वाचनात स्वच्छ उच्चारा, तो ऐकतो आणि पुढच्या वेळी उचलतो. मुलांना लाज वाटते ती टोकण्याची. दुसऱ्या आठवड्यापासून मनात वाचन सुरू करा आणि पानं मोजू नका, वेळ मोजा.

मोठीसाठी ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ मध्ये ते छापलं गेलं. गोष्टी कोकणातल्या असल्या, तरी गुरुजी मास्तर होते ते आपल्या अमळनेरला, प्रताप हायस्कुलात. पुस्तकाचे भाग ‘रात्री’ म्हणून पाडलेत, आणि त्या बेचाळीस आहेत. महिन्यात रोज एक या हिशेबाने अकरा-बारा उरतात, तेव्हा आठवड्यातून तीनदा दोन-दोन घ्या. शेवटच्या काही रात्री आजारपण आणि मरणाच्या आहेत. त्या झोपायच्या वेळी नको, संध्याकाळी वाचा, नंतर बोलायला वेळ राहील असं बघा.

धाकट्यासाठी गणित चालेल का? भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं एक कोडं द्या. भुंग्यांच्या थव्यातला एक पंचमांश कदंबावर गेला, एक तृतीयांश दुसऱ्या फुलावर, या दोन संख्यांमधल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक भुंगा दोन सुवासांच्या मध्ये घुटमळत राहिला. एकूण भुंगे किती? पंधरा. तीन, पाच, सहा आणि एक. पाचवीचं मूल ते पाच आणि तीन या दोघांनीही भाग जाणाऱ्या संख्या तपासून काढतं, आठवीची ताई समीकरण मांडते, आणि दोघांचं उत्तर एक आलं की दुपार चांगली जाते.

पुस्तकं विकत घेऊन ढीग लावू नका. जळगावात व. वा. वाचनालय आहे, अमळनेरला साने गुरुजींच्या नावाचं ग्रंथालय आहे, तालुक्याच्या गावी बहुधा एखादं मोफत वाचनालय असतंच. महिन्यापुरतं सभासद होता येतं का, अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, एवढं आधी विचारा. मुलांना स्वतः कपाटासमोर उभं करा. निवडलेलं पुस्तक चुकीचं निघालं तर निघू द्या.

बहिणाबाईंच्या कविता अहिराणीत आहेत असं आम्ही वर्गात सांगतो. एका पालकांनी हरकत घेतली. खरं काय? (शिक्षक, शिरपूर)

पालकांचं बरोबर आहे, सर. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आसोद्याच्या, नांदल्या जळगावात. त्यांची बोली लेवा गणबोली: जळगाव, भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यातली. अहिराणीचा मुलूख धुळे, नंदुरबार आणि जळगावचा पश्चिम भाग. दोन्हींत ‘ळ’चा ‘य’ होतो, काळा तो ‘काया’, डोळा तो ‘डोया’, म्हणून ऐकणाऱ्याला सारखं वाटतं. फरक कळतो तो सर्वनामांत आणि क्रियापदांत. अहिराणीत ‘मनी माय’, ‘तो घर शे’, ‘मी जास’. बहिणाबाईंच्या ओळींत हे ‘शे’ आणि ‘जास’ शोधून सापडत नाही.

वर्गात, किंवा सुट्टीत घरीही, मुलांना आधी ‘ळ’ आणि ‘य’ची किल्ली द्या आणि मग कविता द्या. निम्मी कविता तळटीप न बघता उलगडते. उरलेले शब्द शेतीच्या अवजारांचे आणि घरातल्या वस्तूंचे असतात. ते आजीला विचारावेत, आणि आजी नसेल तर जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात जाऊन बघावेत. बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू तिथे मांडून ठेवल्या आहेत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी टिपून ठेवली आणि १९५२ साली, त्या गेल्यावर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. हे मुलांना जरूर सांगा. ‘वाचता येत नाही’ म्हणून रुसलेल्या पोराला हे चटकन पटतं.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे घरी करायचे आहेत. सासूबाई करायच्या, आता त्या नाहीत. माझे मांडे हातावरच फाटतात. (गृहिणी, पारोळा)

ताई, हातावर फाटणाऱ्या मांड्याला पिठा-पुरणातली तीन कारणं असतात: पुरणात कण, पुरणात पाणी, किंवा घट्ट कणीक. शिकताना अर्धा किलोवरच शिका.

गहू आदल्या रात्री धुवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सकाळी सावलीत कोरडे करून बारीक दळून आणा आणि पीठ वस्त्रगाळ करा. चाळणीने चाळलेलं पीठ चालत नाही, त्यातला कोंडा ताणताना पातळ पदराला भोक पाडतो. अर्धा किलो पिठाला चिमूटभर मीठ आणि पाणी घालून आधी साधी कणीक भिजवा, तासभर झाका. मग पाण्याचा हात लावत लावत, परातीत आपटत आपटत मळा, वीस-पंचवीस मिनिटं. शेवटी तेलाचा हात. तयार कणीक पोळीच्या कणकेसारखी गोळा होऊन बसत नाही, परातीत पसरते. लिंबाएवढी घेऊन दोन हातांत ताणा: पलीकडची बोटं दिसेपर्यंत न तुटता पडदा झाला पाहिजे. नाही झाला तर पुन्हा मळा, पीठ वाढवू नका.

पुरणाला अर्धा किलो चणाडाळ बोटाने सहज चिरडेल इतकी शिजवा, पाणी पूर्ण निथळा (त्याचीच रशी, म्हणजे आमटी, होते), मग अर्धा किलो गूळ किंवा साखर. काही घरी निम्मं-निम्मं घालतात, रंग आणि खुटखुटीतपणा दोन्ही येतं. पुरण इतकं आटवा की उलथणं मध्ये उभं राहील. गरम असतानाच वाटा. गार पुरण वाटलं की कण राहतात. वेलची-जायफळ वाटताना घाला. पुरण आणि कणीक दोन्ही सारख्या मऊपणाची हवीत, पुरण कडक झालं तर ते मध्येच गोळा होऊन बसतं आणि कड नुसती पिठाची राहते.

पुरणाचा गोळा कणकेच्या दीडपट. भरून, तोंड बंद करून, ताटाएवढा लाटा. मग उचलून दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूवर घ्या आणि या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवा. बोटं ताठ ठेवली की टोचतात, मूठ अर्धी मिटलेली हवी. अंगठ्या, बांगड्या आधी काढून ठेवा. कणीक-पुरण चांगलं जमलं, तरी मांडा बांगडीमुळे फाटतो.

खापर चुलीवर पालथं. नवं असेल तर पहिल्या दिवशी मंद आचेवर हळूहळू तापवा, तेलाचं फडकं फिरवा, आपोआप गार होऊ द्या. एकदम जाळ लावला की तडकतं. जाळाला कपाशीच्या काड्या उत्तम, कारण ज्वाळ पसरट लागते आणि खापर कडेपर्यंत तापतं. लाकडाने मधोमध जळतं आणि कडा कच्च्या. तापलं का हे बघायला चिमूटभर पीठ टाका: आठ-दहा सेकंदांत तांबूस झालं तर बरोबर, लगेच काळं झालं तर काड्या ओढा. मांडा टाकला की खालची बाजू अर्ध्या-पाऊण मिनिटात सुटते, उलटा, तेवढंच पुन्हा. खाली घेतल्या घेतल्या घडी घाला. गार झाला की घडी मोडते. सोबत आमरस, रशी, कुरडई. आणि पहिले दोन बिघडणारच, ते मुलांना द्या, ती वाट बघतच असतात.

आखाजीचा झोका अंगणातल्या झाडाला बांधायचा. शेजारी नायलॉनची दोरी देतायत. चालेल? (एक वडील, चोपडा)

नको. नायलॉन हात कापतं, गाठ सरकते, आणि उन्हात राहिलं की त्याचा जोर कमी होत जातो. अंगठ्याएवढा जाड सुती दोर किंवा विहिरीवरचा नाडा घ्या. फांदी कडुनिंबाची, जिवंत, मांडीएवढी, खोडाजवळची. शेवग्याला झोका कधीही नाही, त्याचं लाकूड न कुरकुरता काडकन मोडतं.

फांदीवर आधी बारदानाचे दोन पदर गुंडाळा, त्यावर दोराचे दोन वेढे आणि मग गाठ. नुसता एक वेढा टाकला की झोक्यागणिक दोर फांदीवर घासतो आणि बरोबर तिथेच, कुणाला दिसत नाही अशा जागी, तुटतो. बैठक मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी उंच. पुढे-मागे दोराच्या लांबीइतकी जागा आणि वर दोन हात मोकळं, भिंत, ओटा, विहिरीचं कठडं काही नको. मुलांआधी दोन मोठी माणसं एकदम लटकून बघा. रोज सकाळी शिडी लावून वेढ्याची जागा तपासा. सासरहून आलेल्या लेकी आखाजीला आधी झोक्यावर बसतात, त्यांचा मान आहे. पोरांनी रांग लावावी.

मे महिन्यात दहा वर्षांच्या मुलांना अजिंठ्याला न्यावं का? (मामा, भुसावळ)

न्या, पण सोमवारी नाही, लेणी बंद असतात. जळगावहून साधारण ६० किलोमीटर. सातला निघा, म्हणजे नऊला उघडताना पोचाल. गाडी फर्दापूर फाट्यावर ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर बसने. टोप्या, प्रत्येकाला एक लिटर पाणी, आणि हातात खायचं काही उघडं नको, माकडं हिसकावतात.

क्रमांक वयाप्रमाणे नाहीत, वाटेवरच्या ओळीप्रमाणे आहेत. जुनी लेणी ९ आणि १०. सगळे आधी १ मध्ये घुसतात. तुम्ही उन्हं चढायच्या आत सरळ पुढे २६ ला जा, तिथला निजलेला बुद्ध सुमारे सात मीटर लांब आहे, मुलांना पावलांनी मोजू द्या. परतताना १७, १६, मग १०, शेवटी २ आणि १. दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानं १८१९ च्या एप्रिलात स्वतःचं नाव कोरून ठेवलं आहे. असं करू नये हे सांगायला यापेक्षा चांगला नमुना नाही.

चित्रं दिसत नाहीत अशी तक्रार घेऊन बरीच मुलं येतात. कारण साधं आहे: बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात मंडळी बाहेर पडलेली असतात. आत गेलं की आधी मधोमध उभं राहायचं, काही बघायचं नाही. मग पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी. १७ मध्ये सहा सुळ्यांच्या हत्तीची जातककथा आहे, ती आदल्या रात्री गच्चीवर सांगून ठेवा म्हणजे मुलं भिंतीवर हत्ती शोधत फिरतील. फ्लॅश चालत नाही. बाराच्या आत उतरा. लेण्यांखालची वाघोरा नदी मे महिन्यात कोरडी असते, धबधब्याची आशा दाखवू नका.

एका दिवसात होईल आणि दुपार छपराखाली जाईल अशी आणखी सहल? (दोन मैत्रिणी, नंदुरबार)

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले, त्यांच्या नावाने हे उभं राहिलं. त्याच गावच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत. चाळीसगावची बाजू आवडत असेल तर सकाळी सहाला पाटणादेवी. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख पाटणचा आहे. चाळीसगावापासून १८ किलोमीटर, अभयारण्याचा भाग, दहानंतर जंगल नुसतं तापतं. मग चाळीसगावात केकी मूस यांचं कलादालन, टेबलावर मांडणी करून काढलेली त्यांची छायाचित्रं बघण्यात दुपार निघते. दोन्हीकडे वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, सुट्टीत वेळा बदलतात.

पाहुण्यांसाठी मे महिन्यात भरीत पार्टी ठेवतोय. किती किलो वांगी? (शेतकरी, यावल)

शून्य, दादा. भरताचं हिरवं-पांढरं वांगं थंडीचं. मे महिन्यात ते बियाळ आणि कडसर असतं, काड्यांवर भाजा नाही तर बडगीत कितीही ठेचा, कडूपणा जात नाही आणि नाव खान्देशाचं खराब होतं. वरण-बट्टी करा. माणशी दीडशे ग्रॅम जाडसर पीठ, त्यात चौथाई मका, ओवा, हळद, मुठीने दाबल्यावर गोळा बांधेल इतकं तेल. पाहुण्यांना भरताचं आमंत्रण मार्गशीर्षाचं द्या.